सहा ते दहा, रस्ता आपला

नोटीस शुक्रवारी लागली होती, आमच्या चाळीच्या जिन्याखाली, लाइटच्या मीटरपेट्यांच्या शेजारी. रविवारी सकाळी सहा ते दहा समोरचा रस्ता सगळ्या वाहनांसाठी बंद. नागरिकांनी चालावं, धावावं, सायकली आणाव्यात, मुलांना खेळायला सोडावं. खाली मोठ्या पिवळ्या अक्षरांत 'रस्ता आपला'. मी कामावरून येताना वाचली आणि वर जाऊन आईला सांगितली. पाणी उशिरा येणार असलं की सांगते, तितक्याच सहज.

आई मेथी निवडत होती. तिने हातातली जुडी खाली ठेवली.

"सगळ्यो गाड्यो बंद?"

"हो."

"बसपण?"

"बसपण."

"मगे माका भैणीकडे जाऊक गावतला," ती म्हणाली, आणि पुन्हा मेथी निवडायला लागली.

आईची बहीण, म्हणजे माझी मावशी, समोरच्या चाळीत राहते. समोरच्या म्हणजे अगदी समोरच्या. दोघी मालवणजवळच्या एकाच गावातल्या. दोघींची लग्नं गिरणीतल्या माणसांशी झाली आणि दोघी लालबागच्या एकाच रस्त्याच्या दोन काठांना नांदायला आल्या. मधलं अंतर माझ्या पावलांनी पंचेचाळीस पावलं आहे. माझ्या लहानपणी दुपारची जेवणं आटोपली की आई पदर खांद्यावरून घेऊन निघायची. मावशीकडे चहा व्हायचा, गावाकडचं पत्र वाचून व्हायचं, आणि चारला नळ यायच्या आत ती परत. एक दिवस ती गेली, तर दुसऱ्या दिवशी मावशी यायची. चाळीस वर्षं हे असंच चाललं. त्यात कोणाला काही विशेष वाटत नव्हतं. रस्ता ओलांडणं ही सांगण्यासारखी गोष्टच नव्हती.

मग रस्त्यावर उड्डाणपूल आला. पुलाखाली दुभाजक आला. आमच्या दारासमोर दुभाजकात माणसांना जायला एक फट होती, ती बंद झाली आणि तिथे कमरेएवढी लोखंडी जाळी आली, जाळीवर कुंड्या आल्या. ओलांडायचं तर आता चौकापर्यंत जायचं, सिग्नलपाशी. तिथे पादचाऱ्यांसाठी हिरवा दिवा लागतो, नाही असं नाही. पण खांद्याला बॅग लावलेला पंचवीस वर्षांचा माणूस जेवढ्या वेळात पलीकडे पोचेल, तेवढाच वेळ तो लागतो. आईला जवळजवळ दुप्पट वेळ लागायचा. तरी ती जायची.

एकदा ती तीन चतुर्थांश रस्ता ओलांडून झाली असताना दिवा बदलला. एका मोटारसायकलवाल्याला तेवढाही धीर नव्हता. त्याचं हँडल तिच्या कोपराला लागलं आणि ती हातावर पडली. तो थांबला नाही. बसच्या कंडक्टरने उतरून तिला उचललं. तेव्हा ती सत्त्याहत्तर वर्षांची होती.

मी परळच्या एका हॉस्पिटलात एक्स-रे काढते. त्या दिवशी माझीच ड्यूटी होती. आईचा हात मीच प्लेटवर ठेवला. प्रत्येकाला सांगते तसं तिलाही म्हणाले, "हलू नका." सवयीने अहो-जाहो केलं. ती हलली नाही. स्क्रीनवर मनगटाचं हाड दिसलं, काडी मोडावी तसं मोडलेलं. तीस वर्षांच्या नोकरीत मी अशी हाडं किती पाहिली याचा हिशेब नाही. म्हातारी माणसं, मनगटं आणि खुबे. कागदावर लिहिलेलं असतं 'पडून दुखापत'. जणू ती आपली आपण पडली. कोणी पाडलं, कुठे पाडलं, याला त्या कागदावर रकाना नाही.

हात जुळून आला, पण आई त्यानंतर रस्ता ओलांडायला तयार झाली नाही. चार वर्षं. टॅक्सीला हात केला आणि "पलीकडच्या चाळीत" म्हटलं की टॅक्सीवाले हसायचे आणि जायचे. कोणी तयार झालाच, तर लांबच्या चौकातून वळसा घालून यायला वीस मिनिटं. असं करून दोघी गणपतीला आणि हळदीकुंकवाला भेटायच्या. बाकी फोन. पंचेचाळीस पावलांवर राहणाऱ्या दोन बहिणी एकमेकींना फोनवर विचारायच्या, तुमच्याकडे वीज आहे का.

रविवारी आई पाचला उठली. न्हायली. अबोली रंगाचं लुगडं काढलं, जे लग्नाकार्यालाच निघतं. घावणे करून डब्यात भरले, दुसऱ्या डब्यात नारळाचा रस. मी म्हटलं, अगं, मावशीकडे स्वयंपाकघर आहे. तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

आम्ही सव्वासहाला खाली उतरलो. रस्त्यावर एकही गाडी नव्हती. मला पहिल्यांदा जाणवली ती शांतता. समोरच्या चाळीतल्या कुणाच्या तरी कुकरची शिट्टी मला इकडे ऐकू आली. इतकी वर्षं आम्ही घरात, गॅलरीत, फोनवर ओरडून बोलतो, आणि बाहेरची माणसं म्हणतात की चाळीतल्या लोकांना हळू बोलता येत नाही. त्या शिट्टीबरोबर माझं डोकं तापायला सुरुवात झाली. म्हणजे रस्ता असा होऊ शकतो तर. कोणीतरी मनात आणलं, दोन लोखंडी अडसर आडवे ठेवले, आणि झालं. एवढं सोपं होतं.

अडसरापाशी पिवळ्या टी-शर्टातली एक मुलगी उभी होती.

"आंटी, रजिस्ट्रेशन केलंय?"

"कसलं?"

"बँड लागेल. हा क्यूआर कोड स्कॅन करा, मी देते."

"आम्ही इथेच राहतो," मी म्हटलं. "हे आमचं दार. तुम्ही आमच्या दारात उभ्या आहात."

"हो, पण सगळ्यांनाच कंपल्सरी आहे. सेफ्टीसाठी."

चार वर्षांत आईच्या सेफ्टीची चौकशी करणारं हे पहिलं माणूस. मी काही बोलणार तेवढ्यात आईने हात पुढे केला. मोडलेला तोच हात. मुलीने त्यावर पिवळा कागदी बँड चिकटवला. "पोराक कित्याक बोलतंस," आई मला म्हणाली. तिला मुलगा-मुलगी सगळी पोरंच.

जाळी होतीच, त्यामुळे चौकापर्यंत जावंच लागलं. पण आज रस्त्याच्या मधोमध. आई काठी टेकत चालत होती आणि दोन्हीकडे बघत होती, दुकानांच्या पाट्या वाचत होती. एक जुनं भांड्यांचं दुकान बंद होऊन तिथे मोबाइलचं झालं होतं, ते तिला तेव्हा कळलं. आमच्या घरापासून ते शंभर पावलांवर आहे.

चौकात आलो. सिग्नल कोणी बंद केलेले नव्हते. मोकळ्या रस्त्यावर ते आपले लाल-हिरवे होत होते. आई फुटपाथच्या कडेला थांबली.

"चल ना," मी म्हटलं.

"दिवो तांबडो हा."

"आज गाड्या नाहीत, आई."

ती हलली नाही. आजूबाजूने पोरं सायकलवरून जात होती, एक बाप मुलाला स्केटिंग शिकवत होता, आणि आई रिकाम्या रस्त्याच्या कडेला लाल दिव्याकडे बघत उभी. हिरवा लागला तेव्हा ती निघाली. आणि बरोबर मध्यावर पोचल्यावर तो पुन्हा लाल झाला. तिने माझा दंड धरला. इतका घट्ट की नखं रुतली. ती जागच्या जागी थिजली, डोकं खांद्यांत ओढून घेतलं, डोळे मिटले. दोन्ही बाजूंना नजर पोचेल तिथवर एक गाडी नव्हती.

हिरवा दिवा पुन्हा लागेपर्यंत आम्ही तिथेच उभ्या राहिलो. तेवढ्या वेळात माझ्या मनात जे आलं ते मी इथे लिहू शकत नाही. एका बाईला, जिने गावी भरल्या खाडीतून डोक्यावर भारा घेऊन पाणी कापलं, या शहराने रिकाम्या रस्त्यावर डोळे मिटायला शिकवलं होतं.

पलीकडच्या कोपऱ्यावर मावशी आणि तिची सून उभ्या होत्या. सुनेने घरातल्या दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणल्या होत्या. मला वाटलं होतं दोघी रडतील. मावशी आईला म्हणाली, "इतको उशीर केलंस?"

"वाटेत दिवो लागलो," आई म्हणाली.

चाळीचा जिना चढायला नको म्हणून आम्ही खुर्च्या पुलाच्या सावलीत, रस्त्यावरच मांडल्या. घावण्यांचा डबा उघडला. दोघी गावच्या घराच्या वाटणीबद्दल बोलत होत्या, मग कुणाच्या तरी नातवाच्या लग्नाबद्दल, मग मावशीच्या दाताबद्दल. फोनवर रोज बोलतात तेच. पण फोनवर मावशीचा दात दाखवता येत नव्हता. तो तिने आता तोंड उघडून दाखवला आणि आईने चष्मा वर करून नीट पाहिला.

अर्ध्या तासाने हातात वॉकीटॉकी घेतलेला एक माणूस आला. पस्तिशीचा, नम्र.

"आजी, जरा साइडला बसता का? इथे झुंबा आहे."

"त्या बसल्यात," मी म्हटलं.

"हो मॅडम, पण हा ॲक्टिव्ह झोन आहे. वरून ड्रोनने शूट होणार आहे. खुर्च्या फ्रेममध्ये येतील."

"येऊ देत."

"मॅडम, हे सगळं तुमच्यासाठीच चाललंय ना."

"मग आमच्यासाठी आम्हाला बसू दे."

तो हसला. चिडला असता तर बरं झालं असतं. "तुम्ही समजून घ्या. या रोडवर बसणं अलाउड नाही, चालायचं असतं. ती आपली थीम आहे."

माझा आवाज चढला. मी म्हटलं, "तुझी थीम तुझ्याकडे ठेव. ही माझी आई. ती बहिणीला भेटायला चार वर्षांनी चालत आलीये, आणि बहीण पंचेचाळीस पावलांवर राहते. तिला उठवायचं असेल तर तू स्वतः उठव, हाताला धरून. ये, धर."

तो आला नाही. झुंबा दहा फूट पलीकडे सरकला. कर्णा आमच्याकडेच तोंड करून होता, त्यामुळे दोघींना पुन्हा ओरडून बोलावं लागलं.

परत येताना पाहिलं, कोपऱ्यावर दर रविवारी बसणारी कोळीण तिथे नव्हती. तिला पाटीसकट आतल्या गल्लीत पाठवलं होतं. "रस्ता मोकला ठेवाचा हाय म्हनतान," ती म्हणाली. "मी काय गाडी हाय?"

सोमवारी एका पेपरात फोटो आला. आई आणि मावशी खुर्च्यांवर, मावशीचं तोंड उघडं, आई चष्मा वर करून वाकलेली. खाली लिहिलं होतं की वाहनमुक्त रविवारी ज्येष्ठांनीही मनमुराद आनंद लुटला. चाळीत सगळ्यांनी कौतुक केलं. आईने ते कात्रण देवघराच्या भिंतीला लावलं. मी ते तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या 'लुटला' शब्दावर अडले. कोणी काय लुटलं होतं, ते मला त्या पेपरवाल्याला सांगावंसं वाटत होतं.

असे एकूण चार रविवार झाले. दुसऱ्या रविवारी आई मध्यावर थांबली, पण डोळे मिटले नाहीत. तिसऱ्या रविवारी लाल दिव्यातसुद्धा चालत राहिली आणि पलीकडे पोचल्यावर मागे वळून दिव्याकडे असं बघितलं, जसं भांडणात हरवलेल्या शेजारणीकडे बघावं. चौथ्या रविवारी तिने मला सांगितलं, तू मागून ये, मी जातंय.

पाचव्या रविवारी ती न्हाऊन, डबा घेऊन खाली उतरली तर रस्ता गाड्यांनी भरलेला. अडसर नाहीत, पिवळे टी-शर्ट नाहीत. सुरू होणार असल्याची नोटीस लावायला माणूस आला होता. संपल्याची लावायला कोणी आलं नाही. आई जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थोडा वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "घावणे गार होतले," आणि काठी टेकत वर गेली.

काय झालं ते मला चाळीमागच्या टॉवरच्या वॉचमनने सांगितलं. तो आमच्याच चाळीत वाढलेला. जिथे गिरणी होती तिथे तो टॉवर आहे. त्याचे खालचे पाच मजले नुसत्या गाड्यांचे. आमची मागची गॅलरी दुसऱ्या मजल्यावर, म्हणजे त्या बाजूला आमच्या समोर माणसं राहतच नाहीत, गाड्या राहतात. दिवस-रात्र दिवे, पंखे, धूर ओढणारी यंत्रं, आणि आमच्या दहा बाय बाराच्या खोलीएवढी जागा एकेका गाडीला. वॉचमन म्हणाला, सोसायटीने पत्र दिलं होतं. रविवारी सकाळी त्यांच्या गाड्या चार तास आत अडकून पडतात. लोणावळ्याला निघायचं असतं, क्लबला जायचं असतं. त्रास होतो.

चार तास. आई चार वर्षं अडकून पडली होती. तिचं पत्र कोणी वाचलं असतं?

मी पत्र लिहिलं. रस्ता बंद करा असं मागितलंच नाही. दोनच गोष्टी मागितल्या: जाळीतली जुनी फट उघडा, आणि नाही जमलं तर पादचाऱ्यांच्या दिव्याची वेळ वाढवा. दोन्ही चाळींतल्या लोकांच्या सह्या घेतल्या. अर्धा दिवस रजा टाकून रस्त्यांचं काम बघणाऱ्या कार्यालयात गेले. माझ्या अर्ध्या वयाचा एक इंजिनिअर टेबलाशी बसला होता. त्याने अर्ज नीट वाचला, हे मला कबूल केलं पाहिजे.

"मॅडम, तिथे पादचारी पूल आहे ना?"

"आहे. त्याला त्रेपन्न पायऱ्या आहेत. चढायच्या त्रेपन्न आणि उतरायच्या त्रेपन्न."

"तिथे लिफ्ट प्रस्तावित आहे."

"कधी होणार?"

"प्रस्तावित आहे," तो पुन्हा म्हणाला.

"बरं. मग दिव्याची वेळ?"

"ते आमच्याकडे नाही. वाहतूकवाल्यांकडे."

वाहतूकवाल्यांच्या कार्यालयात सांगितलं, ते आमच्याकडे नाही, तिकडे. मी म्हटलं, मी तिकडूनच आले. तिथला माणूस म्हणाला, "ताई, वेळ वाढवली तर मागे लाइन किती लागेल बघा. गाड्यांचा फ्लो बघावा लागतो."

"आणि माणसांचा?"

"माणसं काय, कशीही जातात."

मी तीस वर्षं ज्या कामात आहे त्यात माणसं कशी जातात ते मला त्याला सांगता आलं असतं. मी खुर्ची ढकलून उठले, ती मागच्या कपाटावर आपटली, सगळे वळून बघायला लागले. मला लाज वाटली नाही. अर्जावर शिक्का मारून घेतला आणि घरी आले.

पुढच्या रविवारी आम्ही चालायला लागलो. कल्पना आईची. ती म्हणाली, "एकटीक लागतली भीती. चारजणी असलो तर गाडी कोणाक लागतली?" आमच्या चाळीतल्या सहा बायका, शेजारचे निवृत्त पोस्टमन आणि कोळीण, जी म्हणाली की तिला पलीकडे बहीण नाही पण गिऱ्हाईक आहे. सकाळी आठ वाजता सिग्नलपाशी उभं राहायचं. हिरवा लागला की निघायचं, आईला मध्ये घेऊन, आईच्या चालीने. धावायचं नाही. दिवा लाल झाला तरी धावायचं नाही.

पहिल्याच दिवशी मध्यावर दिवा बदलला आणि सगळीकडून हॉर्न सुरू झाले. एक पांढरी गाडी आमच्या इतकी जवळ आली की तिच्या इंजिनाची ऊब मला साडीतून लागली. आतल्या माणसाने काच खाली केली.

"म्हातारीला घरी बसवा ना. सकाळी सकाळी कशाला आणता?"

मी वळून त्याच्या खिडकीशी गेले. "तुम्ही कुठे निघालात सकाळी सकाळी?"

तो गांगरला. "जिमला."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? चालायला," तो म्हणाला. "ट्रेडमिलवर."

माझ्या मागे पोस्टमनकाका खो-खो हसले. मला हसू आलं नाही. मी त्याच्याकडे बघत उभी राहिले, आई पलीकडच्या फुटपाथवर चढेपर्यंत. तेवढा वेळ त्याची गाडी थांबली, तिच्या मागच्या थांबल्या, आणि काहीही बिघडलं नाही.

तिसऱ्या रविवारी ट्रॅफिक हवालदार आला.

"ताई, तुम्ही ट्रॅफिक अडवताय. तक्रार आली आहे."

"आम्ही हिरव्या दिव्यात निघतो."

"निघता हिरव्यात, पोचता लालात."

"मग हिरवा वाढवा. मी अर्ज दिलाय. शिक्का आहे, दाखवू?"

त्याने अर्ज पाहिला नाही, आईकडे पाहिलं. मग शिट्टी तोंडात धरली, रस्त्यात उतरला आणि हात आडवा केला. आम्ही गेलो. त्यानंतर जेव्हा त्याची ड्यूटी असे, तेव्हा तो हात आडवा करी, आणि आई पलीकडे पोचल्यावर दोन्ही हात जोडून त्याला म्हणे, "देव बरा करो."

यावरून आमचं भांडण झालं. मी म्हटलं, "आभार कसले मानतेस? तो काय उपकार करतोय? उद्या त्याची बदली झाली की संपलं. रस्ता तुझा आहे."

आई म्हणाली, "तुजो राग तुज्याकडे ठेव. माका माजी भैण गावता."

पण मला तेव्हाही पटलं नव्हतं, आताही पटत नाही. कुणाच्या मनात आलं म्हणून मिळालेली गोष्ट मला नको होती. हवालदाराची बदली पावसाळा संपता संपता झाली. जागी आलेला त्याच्याहून तरुण होता आणि मोबाइल बघायचा. हळूहळू आमचं रविवारचं चालणंही सुटलं.

याच सुमारास मला त्या वॉकीटॉकीवाल्याचा फोन आला. आता दुसऱ्या भागात, समुद्राकडच्या एका रस्त्यावर ते वाहनमुक्त रविवार करणार होते. आई-मावशींचा फोटो फार व्हायरल झाला होता म्हणे. दोघी आल्या तर उद्घाटनाला छान दिसेल.

"त्या येणार कशा?" मी विचारलं.

"आम्ही गाडी पाठवू ना," तो म्हणाला.

त्याला आपण काय बोललो ते कळलं नव्हतं. मी फोन ठेवला. आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, बोलवतंत तर जावया की, भैण पण येतली. आम्ही गेलो नाही. माझ्यामुळे गेलो नाही, आणि त्यावरून ती दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. तिच्या दृष्टीने मी तिची एक भेट बुडवली होती. कदाचित बुडवलीच.

दिवाळीनंतर एका सकाळी ड्यूटीला जाताना मला सिग्नल वेगळा वाटला. संध्याकाळी येताना फोनवर वेळ लावून मोजला. पादचाऱ्यांचा हिरवा दिवा आठ सेकंदांनी वाढलेला होता. कोणी वाढवला, कधी, माझ्या अर्जामुळे की आणखी कशामुळे, काही कळायला मार्ग नाही. मला पत्र आलं नाही. चौकशी केली तर दोन्ही कार्यालयांनी पुन्हा एकमेकांकडे बोट दाखवलं.

मी आईला घेऊन गेले. आठ सेकंद तिला पुरले नाहीत. आम्ही दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा शेवटची आठ-दहा पावलं लाल दिव्यात पडली आणि हॉर्न वाजले. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "नको." मावशी मात्र तीन वर्षांनी लहान आहे आणि तिची चाल अजून बरी आहे. तिने करून बघितलं, आणि दिवा बदलायच्या आत ती फुटपाथवर होती. तेव्हापासून मावशीच इकडे येते, दर गुरुवारी दुपारी. आई आता समोर जात नाही. मावशीच्या खोलीत नवा ओटा घातला, तो तिने पाहिलेला नाही.

गुरुवारी माझी सकाळची ड्यूटी असते, तीनला मी मोकळी होते. आम्ही दोघी चौकात येऊन थांबतो. आई बंद दुकानाच्या पायरीवर बसते. मावशी पलीकडे दिसली की मी फुटपाथवरून खाली उतरते आणि एक पाऊल रस्त्यात उभी राहते, वळणाऱ्या गाड्यांच्या बाजूला, हात आडवा करून. मला कोणी नेमलेलं नाही. शिव्या मिळतात. मीही देते. वयाच्या चोपन्नाव्या वर्षी, एका हॉस्पिटलातली सीनियर टेक्निशियन, भर चौकात. मागे पायरीवर आई मोठ्याने आकडे मोजत असते, दिवा किती राहिला त्याचे.

गेल्या गुरुवारी मावशी अखेरच्या आकड्याला पोचली. फुटपाथवर चढताना तिने माझ्या खांद्याचा आधार घेतला आणि म्हणाली, उजवा गुडघा दुखता गो, बघ एक दिवस फोटो काढून. मी तिला सोमवारचा नंबर लावून दिला आहे. आणि दुसरा अर्ज लिहायला घेतला आहे. या वेळी सह्या नुसत्या दोन्ही चाळींच्या नाहीत, त्या टॉवरमध्येही जाऊन घेणार आहे. तिथेही म्हातारी माणसं असतीलच.